आवाजाच्या मास्तरांची नोंद

नटांना आवाज शिकवणाऱ्या माणसाला कोशात स्वतंत्र नोंद मिळावी का, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मला तो आजच्या मराठी रंगभूमीच्या प्रकृतीचा प्रश्न वाटतो. नेपथ्य, प्रकाशयोजना यांत आपण पुष्कळ पुढे आलो. आवाज मात्र मागेच राहिला. आणि तो घडवणारी माणसे नेमके काय शिकवत होती, याची कागदावर फार थोडी खूण उरली आहे.

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) आज ओळखले जातात ते ‘शारदा’चे नाटककार म्हणून. ते रास्तच आहे. पण गणपतराव बोडस, बालगंधर्व यांच्या पिढीला ते तालीममास्तर म्हणूनही ठाऊक होते. नाटक छापले गेले म्हणून टिकले. तालमीच्या वाट्याला चरित्रातले एखाद-दुसरे वाक्य आले.

कोल्हापुरात शाहू महाराजांचे पॅलेस थिएटर १९१५ साली खुले झाले, तेव्हा नटापुढे माइक नव्हता. केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांच्या पिढीला मागच्या रांगेपर्यंत पोहोचायला छातीतला दम आणि गळ्याची तयारी एवढाच आधार. त्याच केशवरावांचे नाव मिरवणारे हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत सापडले. वास्तू पुन्हा उभी करता येते. तिची छायाचित्रे असतात, मापे असतात. आवाजाच्या तालमीची मापे घेऊन ठेवायचे आपल्याला सुचलेच नाही.

राधानगरी तालुक्यातले यात्रेचे नाटक असो, की राज्य नाट्य स्पर्धेसाठी कोल्हापूर केंद्रावर निघालेला हौशी संघ, दोष एकच कानावर येतो: वाक्याचा शेवट पडतो. मराठीत क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही पुढे. तोवर नटाचा श्वास संपलेला असतो. ‘मी जमीन विकणार नाही’ यातले ‘नाही’ गिळले गेले, की अख्खे नाटक उलटे फिरते. चांगला मास्तर इथे मागून सुरुवात करतो. आधी नुसते ‘नाही’, मग ‘विकणार नाही’, मग ‘जमीन विकणार नाही’. दर वेळी पोटावर हात ठेवून, एकाच श्वासात. शेवटच्या अक्षरासाठी दम राखून ठेवायची सवय हळूहळू अंगी मुरते. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तालमी करणारी इथली मुले ओरडून घसा बसवतात, कारण ओरडणे वेगळे आणि आवाज पोहोचवणे वेगळे, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. माइकने आवाज मोठा होतो. गिळलेला शब्द तो कुठून आणणार?

या विद्येचा विचार आपल्याकडे झालाच नाही, असे नाही. प्रा. बी. आर. देवधर (१९०१–१९९०) यांनी गायकाच्या आवाजाचा शास्त्र म्हणून अभ्यास केला. डॉ. अशोक रानडे (१९३७–२०११) यांनी तोच धागा बोलण्यापर्यंत आणि रंगमंचापर्यंत नेला. ‘भाषणरंग’ हे त्यांचे पुस्तक प्रत्येक नाट्यशिबिरात हाताळून मळलेले दिसायला हवे. इंग्लंडमध्ये सिसिली बेरी यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीत आवाजाचे स्वतंत्र काम उभे केले आणि १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिले. या तिघांची थोरवी मी कमी लेखत नाही. पण तिघांनी लिहिले, म्हणून कोशकारांचे काम सोपे झाले. ज्याने आयुष्यभर केवळ शिकवले, त्याचे काय?

माझ्या मते त्यालाही नोंद मिळावी, पण शिष्यांच्या प्रसिद्धीच्या जोरावर नव्हे. नामवंत नट चार दिवस एखाद्याच्या शिबिरात बसला, म्हणून शिकवणारा थोर ठरत नाही. उलट, वेगवेगळ्या ठिकाणच्या, वेगवेगळ्या बोलीच्या नटांत एकाच शिकवणीचा ठसा ऐकू येत असेल आणि ती पद्धत तिऱ्हाइताला समजेल अशी मांडता येत असेल, तर नोंदीला तेवढे पुरे. पुरस्कारांची यादी नसली तरी चालेल. व्यायाम कोणते, श्वासाची शिस्त कोणती, बोली पुसायची की राखायची याबद्दल भूमिका काय, हे त्या नोंदीत हवे. कोल्हापुरी हेल काढून टाकला म्हणजे आवाज सुधारला, असे मानणाऱ्या शिक्षकाला मी तरी जागा देणार नाही.

वाईच्या मराठी विश्वकोशाने वीस खंड पुरे केले आणि आता तो संगणकावरही वाढतो आहे, तेव्हा जागेची अडचण सांगता येणार नाही. पुरावा छापील नसेल, तर तो गोळा करावा लागेल. माइकशिवाय गावोगाव प्रयोग केलेले नट आता वयाने थकले आहेत. नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या विभागांनी यंदापासून विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवावे आणि तालमीत काय करून घेतले जाई, ते त्यांच्याकडून करवून, ध्वनिमुद्रित करून घ्यावे.