पाणमोट आणि घड्याळ : डब्लिन प्रसूतिपद्धतीची चिकित्सा

गर्भजलाची पिशवी, म्हणजेच पाणमोट, प्रसूतीच्या वेळी बहुधा आपोआप फुटते. ती मुद्दाम फोडल्यास कळांना जोर येतो व प्रसूती लवकर होते, ही धारणा प्रसूतिशास्त्रात दीर्घकाळ रूढ आहे. या धारणेला शिस्तबद्ध पद्धतीचे रूप आले ते डब्लिनच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये. कीरन ओड्रिस्कॉल यांनी १९६० च्या दशकात तेथे पहिलटकरणींसाठी एक नियमावली आखली. प्रसूती सुरू झाल्याचे काटेकोर निदान करावयाचे, पाणमोट फोडावयाची आणि गर्भाशयाचे मुख ताशी १ सेंमी या गतीने उघडत नसल्यास ऑक्सिटोसिन द्यावयाचे, असा तिचा क्रम होता. प्रसूती १२ तासांत व्हावी, असा संकेत होता.

या पद्धतीचे आकर्षण समजण्याजोगे आहे. लांबलेल्या प्रसूतीत माता थकते, भयभीत होते. ओड्रिस्कॉल यांची त्याविषयीची तळमळ खरी होती. तेथील सिझेरियनचे अल्प प्रमाणही जगाच्या डोळ्यांत भरले. परंतु या नियमावलीत आणखी एक घटक होता. प्रत्येक स्त्रीजवळ अखेरपर्यंत एक परिचारिका बसत असे. अनुकरण करणाऱ्यांनी हत्यार व सलाईन उचलले. ही सोबत मात्र अनेकदा मागेच राहिली. सोबतीला औषध मानण्याची वैद्यकाला सवय नाही, हेच खरे!

केवळ पाणमोट फोडण्याचा परिणाम काय, याचे उत्तर २०१३ च्या कॉक्रेन समीक्षेत सापडते. १५ चाचण्या व ५,५८३ स्त्रिया यांवर ती आधारलेली आहे. आपोआप सुरू झालेल्या प्रसूतीत या कृतीने पहिली अवस्था निश्चितपणे आखूड होत असल्याचे तीत आढळले नाही. सिझेरियनचे प्रमाण घटले नाही, उलट किंचित वाढीकडे कल दिसला. जन्मानंतर पाचव्या मिनिटाच्या अपगार गुणांतही निर्णायक फरक नव्हता. लवकर ऑक्सिटोसिनची जोड दिल्यास कालावधी काहीसा घटतो व सिझेरियनमध्येही थोडी घट दिसते, हे त्याच वर्षीच्या दुसऱ्या समीक्षेवरून मान्य करावे लागते. तथापि ते श्रेय एकट्या हत्याराचे ठरत नाही.

धोक्यांचा विचार वेगळा करावा लागतो. बाळाचे डोके वर असताना पाणमोट फोडल्यास नाळ खाली घसरू शकते. हा प्रसंग विरळा, पण जीवघेणा असतो. पाण्याची उशी गेल्याने कळांच्या वेळी नाळेवर दाब येऊन बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात. पाण्याचा रंग पाहून बाळाने पोटात शी केली आहे काय हे कळते, हा लाभ आहे. पण केवळ तेवढ्यासाठी प्रत्येकीची पाणमोट फोडण्याचे समर्थन होत नाही.

मराठीत पाणमोट 'फुटते', डॉक्टर ती 'फोडतात'. या दोन क्रियापदांतील अंतर संशोधनात पुरेसे उमटलेले नाही. मिनिटे मोजली गेली. स्त्रीला काय वाटले, याची नोंद मात्र अत्यल्प आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये, प्रसूती लांबू नये एवढ्याचसाठी पाणमोट फोडण्याची शिफारस नाकारली. २०१८ मध्ये तिने ताशी १ सेंमी ही गती काही स्त्रियांच्या बाबतीत अवास्तव असल्याचे म्हटले आणि केवळ त्या आधारे हस्तक्षेप करू नये, असे सुचविले. डब्लिनच्या घड्याळाचा मुख्य काटाच त्यामुळे निखळतो. तेथील परिचारिकेची सोबत मात्र टिकून राहिली आहे : अखंड सोबतीवरील २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेत २६ चाचण्यांच्या आधारे सिझेरियनचे प्रमाण घटल्याचे व प्रसूतीचा काळही काहीसा कमी झाल्याचे दिसून आले.