यवतमाळ जिल्ह्याचीं गॅझेटियरें : एक परीक्षण

वऱ्हाडाच्या आग्नेय भागांतील यवतमाळ जिल्ह्याविषयीं कांहीं लिहूं पाहणारास आजहि प्रथम हात घालावा लागतो तो सरकारी गॅझेटियरांनाच. आल्फ्रेड लायल यांचें वऱ्हाडचें गॅझेटियर १८७० चें. ब्राऊन व रसेल यांनीं संपादिलेलें जिल्ह्याचें स्वतंत्र गॅझेटियर १९०८ चें. त्याच वर्षीं निघालेल्या इंपीरियल गॅझेटियराच्या चोविसाव्या खंडांतील लेख. आणि महाराष्ट्र शासनाची १९७४ ची सुधारलेली आवृत्ति. या ग्रंथांच्या उपयुक्ततेविषयीं वाद नाहीं. उत्तरेकडून व पूर्वेकडून वर्धा, दक्षिणेकडून पैनगंगा, आणि मध्यें अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा यांनीं कापलेला डोंगराळ प्रदेश, एवढें वर्णन कोणींहि बिनदिक्कत उचलावें. वाद आहे तो निराळाच. ज्या मुलुखाचें हें वर्णन, तो पूर्वापार एक होता असें हे ग्रंथ न बोलतां गृहीत धरितात, आणि त्यांवरून लिहिणारे आमचे लेखक तेंच बोलून दाखवितात.

वस्तुतः हा जिल्हा कारकुनी सोयीचें अपत्य आहे. १८६४ मध्यें हा भाग पूर्व वऱ्हाडांतून निराळा काढला. पुढें तो वणी जिल्हा म्हणून चालला. नांव वणीचें, कचेरी यवतमाळास. १९०५ सालीं वऱ्हाडची फेरमांडणी होऊन वाशीम जिल्हा मोडला, त्यांतील पुसद तालुका इकडे जोडला गेला, व नांवहि यवतमाळ झालें. आतां मौज अशी कीं, इंपीरियल गॅझेटियराचा खंड निघाला १९०८ त, पण त्यांतील मुख्य लेख जुन्या वणी जिल्ह्याचाच आहे. त्या जिल्ह्याचें क्षेत्रफळ ३,९११ चौरस मैल व १९०१ च्या शिरगणतीची लोकसंख्या ४,६६,९२९. नव्या जिल्ह्यासाठीं तोच १९०१ चा आंकडा ५,७५,९५७ येतो, क्षेत्रफळ ५,१८३ चौरस मैल धरून. एकाच वर्षाचे, एकाच प्रदेशाचे म्हणून हे दोन आंकडे वापरले, म्हणजे वाढ कोठून झाली याचीं कारणें शोधीत बसावें लागतें. वाढ झालेली नसून पुसद आलेलें असतें. २०११ च्या २७,७२,३४८ या आंकड्याशीं तुलना करावयाची तर ती दुसऱ्या आंकड्याशींच केली पाहिजे.

अकबरी अमदानीची मांडणी पाहिली म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचे जे सरकार सांगितले आहेत त्यांत कळंब हा एक व माहूर हा दुसरा. जिल्ह्याचा मधला बराचसा भाग कळंबांत पडतो, पुसद-उमरखेडाकडचा माहुरांत. माहूर आज पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यांत आहे. म्हणजे आज जी नदी सीमा आहे ती त्या काळीं एकाच सरकाराच्या पोटांतून वाहत होती. उमरखेडच्या जुन्या कागदांचा अर्थ लावण्यास यवतमाळपेक्षां माहूरच अधिक उपयोगीं पडावयाचें. पण जिल्हानिहाय ग्रंथांत माहुरास जागा नाहीं.

नांवाच्या व्युत्पत्तीकडे येऊं. आईनांत यवत-लोहारा असा महाल आहे, व लोहारा हें गांव यवतमाळच्या पश्चिमेस सुमारें तीन मैलांवर आहे, ही जोडणी निःसंशय बरोबर दिसते. पण इंपीरियल गॅझेटियर पुढें म्हणतें कीं ‘माळ’ हा ‘महाल’ शब्दाचा अपभ्रंश होय. हें मान्य करणें कठीण आहे. फारशी-अरबींतून आलेल्या शब्दांतील ‘ल’ मराठींत ‘ल’च राहतो : महाल, दलाल, हवालदार. त्याचा ‘ळ’ होण्यास कांहीं विशेष कारण दाखविलें पाहिजे. उलट समुद्रसपाटीपासून सुमारें १,४७६ फूट उंचीवरील सपाट भूमीवर वसलेल्या गांवास ‘माळ’ हा देशी शब्द सहज लागू पडतो. रोमन लिपींत ‘ल’ व ‘ळ’ यांचा भेद दिसत नाहीं, फारशींत ‘ळ’ लिहितांच येत नाहीं. आणि ही व्युत्पत्ति ज्यांनीं सुचविली त्यांच्यासमोर याच दोन लिप्या असाव्यात. मोडींत मात्र भेद स्पष्ट राहतो. परगण्याच्या जुन्या मोडी कागदांत ‘महाल यवत’ असें येतें, ‘यवतमाल’ येतें कीं ‘यवतमाळ’, एवढ्यावर हा वाद मिटण्याजोगा आहे. व्युत्पत्तीची चर्चा करणारे सगळे इंग्रजी पुस्तकाकडे धांवतात, कागदाकडे कोणी जात नाहीं.

लोकवर्णनाविषयीं थोडक्यांत. गोंड, परधान, आंध, बंजारी यांचीं वर्णनें रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांत सविस्तर मिळतात. कोलामांच्या बाबतींत मात्र पुस्तकांची पद्धतच आड येते. स्वतःस कोलावर म्हणविणाऱ्या या लोकांची भाषा द्राविडी, हें ग्रियर्सनच्या भाषापाहणीच्या १९०६ मधील चौथ्या खंडांत आलें, व एमेनो यांचा १९५५ चा ग्रंथ तर केवळ त्या भाषेलाच वाहिलेला आहे. पण कोलामांची वस्ती असते पोडांत, आणि पोड बहुधा स्वतंत्र मौजा नसून दुसऱ्या मौजाच्या शिवारांत असतें. मौजेवार यादी करणारास पोड दिसत नाहीं. बंजाऱ्यांच्या तांड्यांचेंहि तसेंच. सारांचे आंकडे अचूक, पण माणसें अर्धीं अदृश्य.

खरी उणीव आहे ती राज्यव्यवस्थेच्या प्रकरणांत. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत गेलें, त्यानंतरची हकीकत गॅझेटियरांत भरपूर आहे : मुंबईच्या धर्तीची रयतवारी, ओसाड जमिनींविषयींचे १८६५ चे नियम, त्यांखालीं दिलेले इजाऱ्याचे गांव, जहागीर, पालमपट. त्यापूर्वीचें प्रकरण मात्र जुलूम आणि अंदाधुंदी या दोन शब्दांवर भागविण्याची या पुस्तकांची रीत आहे. निजाम व भोसले यांची दुअमली वऱ्हाडांत १८०३ च्या देवगांवच्या तहापर्यंत चालली. एका गांवच्या वसुलास दोन धनी असतां हिशेब ठेवल्यावांचून एक वर्षहि निभलें नसतें. ते हिशेब देशमुख-देशपांड्यांनीं ठेविले. १८५३ नंतर त्यांचें काम सुटलें, मान व नेमणूक उरली, आणि रुमाल माळ्यावर गेले. १८१८ च्या एप्रिलांत पांढरकवड्याजवळ शिवणीस कर्नल अ‍ॅडम्सनें दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेस गांठलें, हें सर्वांस पाठ आहे. त्या सालीं केळापुराकडील गांवांवर काय पडलें, तें सांगूं शकणारे कागद असतील तर ते याच रुमालांत.

आमच्या संग्राहक मंडळींस येथें एक बोल लावणें भाग आहे. वऱ्हाडच्या इतिहासाची मांडणी यादव माधव काळे यांनीं १९२४ च्या ग्रंथांत केली; यवतमाळांतच डॉ. य. खु. देशपांडे यांनीं शारदाश्रमाच्या द्वारें, विशेषतः महानुभावीय पोथ्यांच्या बाबतींत, मोठें काम केलें. त्या मानानें परगण्याच्या हिशेबी कागदांस वाली मिळाला नाहीं. रुमाल विकावयास निघाला कीं शिक्क्याची सनद एकाकडे जाते, महजर दुसऱ्याकडे, आणि जमाबंदीचे ताळेबंद रद्दींत. सुटा कागद कोणत्या घरचा, कोणत्या रुमालांतला, हें नोंदलें नाहीं म्हणजे त्याचा सनहि ठरविणें अवघड होतें. नुसता ११८० असा अंक असलेला कागद घ्या. दख्खनी फसली मानून ५९० मिळविले तर तो १७७०-७१ चा, म्हणजे जानोजी भोसल्यांच्या हयातींतला. शुहूर मानून ५९९ मिळविले तर १७७९-८० चा, म्हणजे जानोजी वारून मुधोजींचा अंमल चालू असतांचा. मधल्या नऊ वर्षांत नागपूरच्या गादीसाठीं साबाजी-मुधोजींची लढाई होऊन गेलेली. सोबतचे कागद असल्यास कोणती गणना हें एका नजरेंत कळतें. नसल्यास तर्कावर तर्क.

यापुढें या मुलुखांतील जें कांहीं छापावयाचें, तें तालुकावार न छापतां परगणेवार छापावें, प्रत्येक कागदाखालीं घराचा व रुमालाचा उल्लेख असावा, आणि सन जसा लिहिला आहे तसाच आधीं देऊन इसवी सन मागाहून द्यावा. आज जिल्ह्याचे सोळा तालुके आहेत. १९०५ सालीं ते पांच होते. पुढें ते किती होतील कोण जाणे, पण कळंब सरकाराचे महाल मात्र आईनांत आहेत तितकेच राहतील.