सातबाऱ्याबाहेरची माणसे आणि जागतिकीकरणविरोधी चळवळी

आर्थिक जागतिकीकरणाविरुद्ध महाराष्ट्रात ज्या चळवळी झाल्या, त्यांचे मूल्यमापन बहुधा दोनच अंगांनी केले जाते. कोणी त्या जिंकल्या की हरल्या एवढेच पाहतो, तर कोणी त्यांना विकासाच्या वाटेतील धोंड ठरवून मोकळा होतो. आम्हांस येथे वेगळा प्रश्न उपस्थित करावयाचा आहे. या चळवळींनी ‘बाधित’ म्हणून कोणाची गणना केली? उस्मानाबाद जिल्ह्यात (2023 पासून ज्याचे नाव धाराशिव झाले) भूमिहीनांच्या वस्तीत वावरणाऱ्यास हा प्रश्न टाळता येत नाही.

प्रथम दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचे उदाहरण घेऊ. गुहागर तालुक्यातील ग्रामस्थांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगवास भोगला. 1995 साली राज्य सरकारने करार रद्द केला आणि पुढच्याच वर्षी तो फेरबदलांसह पुन्हा स्वीकारला. 2001 साली प्रकल्प बंद पडला तो महाग विजेमुळे. लोकांच्या विरोधामुळे नव्हे. ज्यांनी विजेच्या दराचा धोका आधीच दाखवून दिला होता ते खरे ठरले, हे निःसंशय. परंतु खरे ठरणे आणि विजयी होणे या भिन्न गोष्टी आहेत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

रायगडचा लढा अधिक बोलका आहे. 2005 च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानंतर पेण, उरण व पनवेल तालुक्यांतील 45 गावांवर महामुंबई सेझचे संकट आले. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांत शासनालाच शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला आणि पुढे भूसंपादन बारगळले. हे यश असामान्य आहे व त्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि कौल घेतला गेला तो जमीनधारकांचा. त्याच पेण तालुक्यात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या त्या माणसांचा त्या जमिनीशी संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण तो कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेला नाही.

खातेदाराचा हितसंबंध हाच लढ्याचा पाया मानला की आणखी एक अडचण उद्भवते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने डंकेल प्रस्तावाचे स्वागत केले होते. खुल्या बाजारात शेतकऱ्याला भाव मिळेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे सातबारा एकदा बाजाराच्या बाजूने उभा राहतो, एकदा विरुद्ध. भूमिहीनाला दोन्ही वेळा प्रेक्षकच व्हावे लागते.

हे असेच घडावे असा काही नियम नाही. याच कोकणातील खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी 1937 च्या सप्टेंबरात विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर नेला. त्यात कुणबी कुळे होती, तसेच महारही होते. त्याच्या पुढच्याच महिन्यात मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे दोन्ही शत्रू म्हणून एका दमात सांगितले. पुढील काळातील जागतिकीकरणविरोधकांनी त्यांतील दुसऱ्याच शत्रूवर बोट ठेवले. बहुराष्ट्रीय कंपनीचे नाव ते उच्चारीत. गावकुसाचे मात्र क्वचितच.

दोष सर्वस्वी त्यांचा मानणे हा अप्रामाणिकपणा होईल. आम्ही तरी काय केले? 1991 नंतर खाजगीकरण आले, तेव्हा आमच्या सुशिक्षितांना प्रथम दिसल्या त्या घटत जाणाऱ्या राखीव जागा. ती चिंता रास्तच होती. परंतु ज्याने नोकरीचा अर्जही कधी भरला नाही अशा आमच्याच बांधवाचा प्रश्न त्या चिंतेखाली झाकला गेला.

हा बांधव आमच्या जिल्ह्यात दसऱ्यानंतर गावातून दिसेनासा होतो. मुकादमाची उचल घेऊन, नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होऊन तो पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकाकडे ऊस तोडावयास जातो. 2013 च्या भूसंपादन कायद्याने बाधित क्षेत्रात तीन वर्षे राबणाऱ्या भूमिहीन मजुरालाही बाधित कुटुंब मानले. चळवळींच्या रेट्याचेच हे फळ होय. पण वर्षातले सहा महिने जो फडावर असतो, तो या तीन वर्षांचा दाखला कोणाकडून आणणार?

गायरानाचे दुखणे याहून जुने आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून मराठवाड्यातील दलितांनी पडीक गायराने कसली. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने 1991 साली घेतला. अंमलबजावणी मात्र तलाठ्याच्या मर्जीवर राहिली. आता 2023 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी शासकीय व गायरान जमिनी नाममात्र भाड्याने दिल्या जाऊ लागल्या आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, यास कोणाचा विरोध असणार? परंतु खाजगी जमीन घ्यावयाची तर मालकाला विचारावे लागते, भाडे द्यावे लागते. गायरान कसणारा कागदोपत्री अतिक्रमक. त्याला विचारण्याचे कारणच उरत नाही.

रायगडच्या लोकांनी आपली संख्या शासनाच्या दप्तरात उमटविली, म्हणून ते टिकले. आमची नोंद त्या दप्तरात अगदीच नाही असे नव्हे. गाव नमुना एक-ई या अतिक्रमणांच्या नोंदवहीत ती असते. दंडाच्या जुन्या पावत्या घरोघरी पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. कळंब, भूम, परंडा, वाशी या तालुक्यांतील विहारांत दर पौर्णिमेला उपासक जमतात. त्या पावत्या तेथे आणून गावनिहाय यादी करावयास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. हे काम ऊसतोडीच्या टोळ्या गावी असतात त्या पावसाळ्याच्या महिन्यांतच होऊ शकेल. दसऱ्यानंतर सही करावयास गावात माणूस सापडणार नाही.