शकीला यांची कोलाजे : ‘स्वयंशिक्षित’ या विशेषणाची चिकित्सा

पश्चिम बंगालमधील दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यात नूरग्राम या खेड्यात राहून चित्रनिर्मिती करणाऱ्या शकीला यांच्या कोलाजांची चर्चा करताना समीक्षक ‘स्वयंशिक्षित’ हे विशेषण हटकून योजतात. कलाशाळेत त्या शिकल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असेल तर ते निर्दोष आहे. परंतु या समासातील ‘स्वयं’ हे पूर्वपद त्याहून अधिक सांगते. शिकवणारे कोणी नव्हतेच, असे ते सुचविते. वस्तुस्थिती निराळी आहे. शकीला यांची आई कलकत्त्यात भाजी विकीत असे. तेथे त्यांना बालपणीच बलदेव राज पनेसर यांचा स्नेह लाभला. पनेसर व्यवसायाने संख्याशास्त्रज्ञ, कोलाजकार म्हणून तेही कलाशाळेबाहेरचेच. पुढे संसाराला हातभार म्हणून शकीला कागदी पिशव्या (बंगालीत ‘ठोंगा’) चिकटवू लागल्या आणि पनेसरांचे प्रदर्शन पाहिल्यावर त्यांनी भाज्याफळांचे कोलाज केले. गुरू, कसब आणि विषय ही तिन्ही त्यांना भोवतालच्या माणसांकडूनच मिळाली होती.

त्यांच्या चित्रांतील समूहजीवनाचा विचार येथूनच व्हावयास हवा. बाजार, बायका, भाजी हे विषय कोणालाही निवडता येतात. शकीला यांच्याकडे माध्यमच बाजारातून आले आहे. ज्या रद्दीत भाजी बांधली जाते, तीच येथे भाजी होते. छापील कागद फाडला की त्यावरील अक्षर हे चिन्ह म्हणून उरत नाही, केवळ करडी छटा म्हणून उरते. मराठी वाचकास येथे गोधडी आठवेल, पण ती तुलना फार ताणू नये. गोधडीच्या तुकड्याला तो नेसलेल्या माणसाची आठवण चिकटलेली असते. रद्दीच्या कपट्याला तशी कोणाचीच नसते. त्याला माणसांत आणण्याचे काम चित्रालाच करावे लागते, आणि शकीला यांच्या उत्तम कृतींत ते घडते.

त्यांच्या कालीचित्रांविषयी मात्र बरेच भाबडे लेखन झाले आहे. मुसलमान स्त्रीने काली चितारली म्हणून ती सहिष्णुतेची ग्वाही ठरविणे हा चित्राकडे न पाहण्याचाच एक प्रकार होय. बंगालमध्ये काली दरवर्षी गल्लोगल्ली मांडवात उभी असते. शेजारची मूर्ती चित्रात यावी यात आश्चर्य कोणते? आश्चर्य आहे ते कागदाच्या कपट्यांतून त्या मूर्तीची उग्रता उभी राहते याचे, आणि त्याविषयी या लेखनात फारसे काही आढळत नाही.