कॅसाव्हेटिस यांच्या चित्रपटांतील बोलभाषा

जॉन कॅसाव्हेटिस यांचा 'शॅडोज' (१९५९) हा पहिला चित्रपट संपतो, तेव्हा पडद्यावर एक निवेदन उमटते. नुकताच पाहिलेला चित्रपट उत्स्फूर्त रचनेचा होता, असा त्याचा आशय आहे. या एका वाक्याने कॅसाव्हेटिस यांच्या कीर्तीला हातभार लावला, तसाच एक गैरसमजही रूढ केला. नटांनी सुचेल ते बोलावे आणि कॅमेऱ्याने ते टिपावे, एवढीच त्यांची रीत होती, असे अद्यापही अनेकदा म्हटले जाते. हे मत कितपत ग्राह्य आहे, ते पाहणे अवश्य आहे.

ग्रीक वंशाच्या मातापित्यांच्या पोटी न्यूयॉर्क येथे १९२९ साली जन्मलेले कॅसाव्हेटिस व्यवसायाने नट होते. 'शॅडोज'चा उगम त्यांच्या नाट्यवर्गातील एका अभिनय-पाठात झाला. जीन शेफर्ड यांच्या नभोवाणी-कार्यक्रमातून त्यांनी श्रोत्यांना आवाहन केले व लोकांनी लहानलहान रकमा पाठविल्या. १९५८ मध्ये दाखविलेली पहिली आवृत्ती त्यांना स्वतःलाच पसंत पडली नाही. म्हणून त्यांनी बराच भाग नव्याने चित्रित केला आणि त्यासाठी लिखित प्रसंगांचा आधार घेतला. पहिल्या आवृत्तीचा गौरव करणारे समीक्षक जोनास मेकस यांना ही तडजोड वाटली. हरवली असे मानली गेलेली ती पहिली प्रत रे कार्नी यांनी शोधून काढली व २००४ मध्ये ती रॉटरडॅम येथे दाखविली गेली.

मेकस यांच्या आक्षेपामागे एक गृहीत आहे: जे आयत्या वेळी बोलले जाते ते खरे आणि जे लिहिले जाते ते कृत्रिम. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे गृहीत टिकत नाही. आयत्या वेळी बोलणारा मनुष्य बहुधा ठरीव शब्दप्रयोगांचाच आश्रय घेतो. उलट अपूर्ण वाक्य, पुनरुक्ती, दुसऱ्याचे बोलणे तोडणे, निरर्थक हुंकार ही उच्चारित भाषेची लक्षणे जाणत्या लेखकाला योजता येतात. 'शॅडोज'मध्ये गौरवर्णी दिसणाऱ्या लेलियाचा कृष्णवर्णी भाऊ ह्यू घरी येतो, तेव्हा तिचा प्रियकर टोनी याची जीभ अडखळते आणि तो निघून जाण्याचे निमित्त शोधू लागतो. वर्णद्वेषाचा उच्चार एकाही पात्राला करावा लागत नाही. तुटलेली वाक्येच तो प्रकट करतात.

पुढील चित्रपटांचा पुरावा अधिक स्पष्ट आहे. 'फेसेस' (१९६८) या चित्रपटाला पटकथालेखनासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' (१९७४) ही कृती तर मुळात पत्नी जीना रोलंड्स यांच्यासाठी नाटक म्हणून योजिलेली होती. तीत मेबलला शब्द अपुरे पडतात, म्हणून ती हातवारे आणि चमत्कारिक आवाज यांनी बोलते. आणि तिचा पती निक, तिने जशी आहे तशीच असावे, असे ओरडून बजावतो. आज्ञार्थी क्रियापदाने सहजता मागणे ही त्या संसाराची शोकांतिका होय.

मग या दिग्दर्शकाचे स्वातंत्र्य कशात होते? 'अ चाइल्ड इज वेटिंग' (१९६३) या चित्रपटाचे अंतिम संकलन निर्माते स्टॅन्ली क्रेमर यांच्या हाती गेले, तेव्हा त्याचे उत्तर त्यांना उमगले असावे. त्यानंतर 'द डर्टी डझन' व 'रोझमेरीज बेबी' यांसारख्या चित्रपटांत अभिनय करून मिळविलेला पैसा त्यांनी स्वतःच्या निर्मितीत घातला. 'फेसेस' राहत्या घरात चित्रित झाला आणि त्याच्या संकलनात वर्षे गेली. लिहिलेला शब्द नटाच्या तोंडी मुरेपर्यंत थांबण्याची मुभा त्यांनी अशा रीतीने विकत घेतली.

या मुभेचा अतिरेकही झाला. 'हजबंड्स' (१९७०) मधील मद्यगृहातील गायनाच्या प्रसंगात तिघे मित्र एका स्त्रीला पुनःपुन्हा हिणवतात. तेथे पुनरुक्ती पात्रांविषयी नवे काही सांगेनाशी होते आणि केवळ लांबते. बोलभाषेचे अनुकरण हेच साध्य झाले की कलेचा तोल जातो.

कॅसाव्हेटिस १९८९ साली निधन पावले. 'शॅडोज'च्या शेवटचे ते निवेदन त्यांच्या उद्दिष्टाचे वर्णन म्हणून स्वीकारावे. कार्यपद्धतीचा दाखला म्हणून मात्र ते ग्राह्य धरता येत नाही.