वेस्लीचे तिसरे सूत्र

जॉन वेस्ली (१७०३–१७९१) या मेथडिस्ट चळवळीच्या प्रवर्तकाचे ‘धनाचा विनियोग’ हे प्रवचन १७६० साली प्रसिद्ध झाले. अर्जन, काटकसर आणि दान या तिन्ही गोष्टी माणसाने आपल्या शक्तीच्या परिसीमेपर्यंत कराव्यात, ही त्यातील त्रिसूत्री ख्रिस्ती धनविचाराचे सार म्हणून वारंवार सांगितली जाते. परंतु या सूत्रांचा परस्परसंबंध कोणता, याचा विचार क्वचितच होतो. पहिली दोन सूत्रे स्वयंपूर्ण आणि तिसरे त्यांना मागाहून जोडलेले सत्कृत्य, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. प्रवचनाची रचना मात्र याच्या उलट आहे. आणि वेस्लीच्या विचाराचे सामर्थ्य व त्याची उणीव ही दोन्ही त्या रचनेत आढळतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रवचनाला आधार आहे तो लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्याचा. कारभारी मालमत्तेची व्यवस्था पाहतो. तो तिचा धनी नसतो. ही कल्पना स्वीकारली की दानाचा अर्थच पालटतो, कारण जे मुळात आपले नाही ते देण्यात औदार्याचा अभिमान उरत नाही. म्हणूनच वेस्ली दशमांशावर थांबत नाही. स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजा भागल्यावर उरेल ते सर्व प्रथम श्रद्धावंतांतील गरजूंना आणि नंतर मनुष्यमात्राला द्यावे, असा क्रम तो लावतो. पहिली दोन सूत्रेही याच दृष्टीने मर्यादित झाली आहेत. स्वतःच्या वा शेजाऱ्याच्या शरीराला, मनाला किंवा उपजीविकेला अपाय करणारे अर्जन निषिद्ध होय. मद्याचा व्यापारी आणि लोभापायी रोग लांबविणारा वैद्य हे त्याच्या टीकेचे विषय आहेत. काटकसर म्हणजे साठवण नव्हे. बँक ऑफ इंग्लंडमध्ये पडून राहिलेला पैसा आणि समुद्रात फेकलेला पैसा यांत तो भेद मानीत नाही.

माक्स वेबरने प्रोटेस्टंट नीती व भांडवलशाही यांवरील आपल्या ग्रंथाच्या १९२० सालच्या सुधारित आवृत्तीत वेस्लीच्या १७८६ मधील एका टिपणाचा आधार घेतला आहे. धर्मातून उद्योग व मितव्यय, त्यांतून संपत्ती आणि संपत्तीतून धर्माचा ऱ्हास, ही साखळी वेस्लीने तेथे स्वतःच उलगडली होती. ती तोडण्याचा उपाय म्हणून तो दानाकडे वळतो. वेबर या उपदेशाचा उल्लेख टाळीत नाही; परंतु त्याचे विवेचन पहिल्या दोन सूत्रांच्या परिणामांवर चालते आणि तिसरे पुरवणीसारखे मागे राहते. वेस्लीच्या विचाराचा अर्थ म्हणून हे अपुरे आहे. परंतु प्रत्यक्षात घडलेला इतिहास याहून वेगळा होता काय?

‘अधिक उत्तम मार्ग’ या १७८७ सालच्या प्रवचनात ऑक्सफर्डमधील एका तरुणाचा हिशेब आला आहे. ३० पौंड उत्पन्नात २८ पौंडांवर निर्वाह करून त्याने २ पौंड दिले. पुढे उत्पन्न ६०, ९० व १२० झाले तरी खर्च २८ वरच राहिला. नाव दिलेले नसले तरी हा तरुण वेस्लीच होय, असे चरित्रकार मानतात. येथे ‘गरज’ या शब्दाला एका आकड्याची सीमा पडली आहे. प्रवचनातील गृहस्थाश्रमी व्यापाऱ्याला मात्र अशी सीमा नाही. आपली गरज किती, हे त्याने प्रार्थनापूर्वक स्वतःच ठरवावयाचे आहे.

संस्थेच्या व्यवहारात हा भेद अधिक स्पष्ट होतो. १७४२ साली ब्रिस्टल येथे सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांकडून दर आठवड्यास एक पेनी गोळा करण्याची पद्धत सुरू झाली आणि तीतूनच सभासदांच्या लहान गटांची व्यवस्था उभी राहिली. ज्याला पेनीही देणे अशक्य, त्याची भर गटप्रमुखाने घालावी, अशी सोय होती. १७४३ च्या सर्वसाधारण नियमांनी ऐहिक धनसंचयाला मनाई केली, हे खरे. पण संचय कोठे सुरू होतो हे ठरविणारे माप त्यांत नव्हते. पेनीच्या वसुलीची व्यवस्था झाली. पौंड मात्र ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडला गेला.

याचा परिणाम वेस्लीला हयातीतच पाहावा लागला. १७८९ सालच्या एका प्रवचनात, ५०,००० मेथडिस्टांत तिसरे सूत्र पाळणारे ५०० तरी असतील काय, अशी शंका तो व्यक्त करतो. अनुयायांच्या दुबळेपणाला दोष देऊन ही निराशा निकालात काढता येणार नाही. मूळ दाखल्यात धनी कारभाऱ्याला समोर बोलावून हिशेब मागतो. वेस्लीने कारभाऱ्याचे पद प्रत्येक श्रद्धावंताला दिले, परंतु तो हिशेब मागण्याचा अधिकार इहलोकी कोणाकडेच ठेवला नाही. त्रिसूत्रीतील तिसरे सूत्र उपदेश म्हणून सर्वांत बलवान आणि व्यवस्था म्हणून सर्वांत दुर्बल ठरले, याचे कारण येथे आहे.