‘विद्याहरणा’तील शुक्राचार्य : एका परिवर्तनाची मीमांसा

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘विद्याहरण’ (१९१३) या नाटकाचा विचार बहुधा कच-देवयानीच्या प्रेमकथेच्या किंवा मद्यपाननिषेधाच्या अंगाने केला जातो. शुक्राचार्यांचे परिवर्तन हे त्या उपदेशाचे ओघानेच येणारे फलित मानले जाते. ते परिवर्तन नेमके कोठे घडते आणि त्याचे स्वरूप काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

मूळ कथा आदिपर्वातील. संजीवनी विद्येसाठी आलेल्या बृहस्पतिपुत्र कचाला दैत्य दोनदा ठार करतात व देवयानीच्या आग्रहास्तव आचार्य त्याला दोन्ही वेळा उठवितात. तिसऱ्या वेळी त्याची राख मद्यात मिसळून आचार्यांनाच पाजली जाते. महाभारतात मद्याचा प्रवेश या एका प्रसंगापुरता आहे. खाडिलकरांनी मात्र मद्यासक्ती हा आचार्यांचा स्थायी दोष केला आणि शिष्यवराच्या रूपाने त्या दोषाचे हास्यास्पद प्रतिबिंबही शेजारी उभे केले. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या पाठिंब्याने झालेली मद्यपानविरोधी चळवळ ध्यानात घेता या बदलामागील हेतू सहज उमगतो. परंतु त्याचा नाट्यदृष्ट्या झालेला लाभ अधिक मोलाचा आहे. ज्याच्या मंत्राने मृत्यू माघार घेतो, त्याला पेल्याचे भय ते कसले? आचार्यांचे व्यसन हे अशा प्रकारे त्यांच्या दुबळेपणातून नव्हे, तर सामर्थ्याच्या खात्रीतून पोसले जाते.

कच आपल्या उदरात आहे हे कळताच ही खात्री ढासळते. शिष्याला उठवावे तर स्वतःचा अंत, न उठवावे तर ब्रह्महत्या आणि कन्येचा आक्रोश. उपाय एकच : आजवर जिवापाड राखलेली विद्या शत्रुपक्षाच्या पुत्राला द्यावयाची आणि बाहेर आल्यावर तो आपल्याला उठवील यावर विसंबावयाचे. कच तसाच निघून गेला असता तर त्याला अडविणारे कोणी नव्हते. जीवन देणाऱ्यावर जीवन मागण्याची पाळी येते. गुरू शिष्याच्या सद्भावाचा आश्रित होतो. आचार्यांचे खरे परिवर्तन या क्षणी घडते, असे आमचे मत आहे.

यानंतर येणारा मद्यनिषेध हा सामान्यतः या परिवर्तनाचा कळस समजला जातो. वस्तुतः त्यात जुना अधिकारच पुन्हा बोलू लागतो. चूक एकाची, पण नियम साऱ्यांना! आपला प्रमाद जाहीरपणे मान्य करणे हीदेखील नम्रताच नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो काही अंशी ग्राह्य आहे. तथापि, शापाची भाषा ही नम्रतेची भाषा नव्हे. महाभारतातील हेच आचार्य पुढे कन्येच्या दुःखाने संतापून ययातीला वार्धक्याचा शाप देतात, हेही विसरता येत नाही.

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’तील (१९१९) सुधाकराशी तुलना केली असता हा मुद्दा स्पष्ट होतो. सुधाकरही बुद्धीच्या अभिमानानेच घसरतो. पण आपल्या पतनाचा नियम करून जगाला सांगण्याचा अधिकार त्याच्यापाशी नाही. म्हणून त्याचे पतन अखेरपर्यंत पतनच राहते व नाटक शोकांत होते. शुक्राचार्यांना अधिकार तारतो. परंतु त्या तारण्याची किंमत म्हणून क्षणभर लाभलेले शिष्यत्व त्यांना गमवावे लागते. ‘विद्याहरण’ या नावात कोणाचे काय हरण झाले, याचा विचार म्हणूनच पुन्हा व्हावयास हवा.